गृहभेट आणि सामाजिक तपासणी अहवाल: पोर नात्यात राहावं म्हणून मिळणारी सेवा कशी आहे?

आईवडील गेले, किंवा बाप गेला आणि आईला एकटीनं सांभाळणं जमेनासं झालं, की आपल्या विदर्भातल्या खेड्यात पोर आधी नात्यातच जातं. आजीकडे, मामाकडे, मोठ्या बाबांकडे म्हणजे वडिलांच्या मोठ्या भावाकडे. कितीतरी पोरं कुठल्याही कागदाशिवाय तिथेच वाढतात. पण पोर बाल कल्याण समितीसमोर, म्हणजे अशा पोरांनी कुठे राहावं ते ठरवणाऱ्या सरकारी समितीसमोर आलं, बालगृहात दाखल झालं, किंवा ताब्यावरून दोन घरांत वाद लागला, तर नातेवाइकाला सरकारी तपासणीतून जावं लागतं. ही तपासणी जिल्हा बाल संरक्षण कक्ष करतो. तिला फी नाही आणि वकीलही लागत नाही. कायदा चांगला आहे, अहवालाचा नमुनाही चांगला आहे. माणसं मात्र कमी आहेत, आणि पोराचं सगळं पुढचं एका गृहभेटीवर टांगलेलं असतं. म्हणून ती भेट कशी होते याला आम्ही सर्वांत जास्त गुण किंवा दोष देतो.

सुरुवात साध्या कागदावरच्या अर्जानं होते. अर्ज समितीच्या अध्यक्षांच्या नावे करायचा. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. पोराचं नाव, वय, सध्या कुठे आहे, तुमचं नातं, घरात कोण कोण राहतं आणि तुम्ही त्याला का मागता, एवढं दोन पानांत यावं. अर्जाची पोच शिक्क्यासह घ्यावीच. नातं लिहिताना आपल्याकडची बोली नडते. ‘मोठी आई’ म्हटलं की आपल्याला मोठ्या बाबांची बायको कळते, पण बाहेरून बदलून आलेला अधिकारी तिला आजी समजू शकतो, कधी सावत्र आईसुद्धा. मग अहवालात एक नातं आणि आधारवर दुसरंच वय, अशी विसंगती निघते आणि तारीख पुढे जाते. ‘वडिलांच्या सख्ख्या मोठ्या भावाची पत्नी’ असं पूर्ण लिहिलेलं बरं. मामा असल्यास ‘आईचा सख्खा भाऊ’ लिहावं, आणि ते दाखवायला आईचा शाळा सोडल्याचा दाखला जोडावा.

बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ३६ प्रमाणे सामाजिक तपासणी १५ दिवसांत व्हायला हवी, म्हणजे पोर पहिल्यांदा हजर केल्यापासून ४ महिन्यांत समितीला अंतिम आदेश देता येतो. प्रत्यक्षात १५ दिवस क्वचित पाळले जातात, आणि यात अंतराचा वाटा मोठा आहे. उमरखेडहून यवतमाळ शंभर किलोमीटरच्या पुढे आहे आणि सिरोंच्याहून गडचिरोली दोनशेच्या आसपास. एका क्षेत्रीय कार्यकर्त्याकडे दोन-तीन तालुके असले की तो एका फेरीत चार गावं उरकतो. अशा फेरीत एका घराला वीस मिनिटंही मिळत नाहीत.

उशिराचा सगळ्यात मोठा धोका लहान बाळांच्या बाबतीत आहे, आणि नातेवाइकांना तो कोणी समजावून सांगत नाही. अनाथ किंवा टाकून दिलेलं मूल दत्तकासाठी मोकळं जाहीर करण्याची मुदत कलम ३८ मध्ये आहे: २ वर्षांपर्यंतच्या बाळासाठी २ महिने, त्यावरच्या मुलासाठी ४ महिने. त्या आत नातेवाईक लेखी पुढे आला नाही तर समिती आपल्या वाटेनं जाते. ‘तेरवी, मासिक झालं की बघू’ असं म्हणत बसू नये. पहिल्याच आठवड्यात अर्ज द्यावा, कागद मागून जोडले तरी चालतात.

आता गृहभेट. दसऱ्यापासून जानेवारीपर्यंत कापसाचा वेचा चालू असतो. आजी सकाळी आठला वावरात जाते, घराला कुलूप. अधिकारी दुपारी एकला येतो, कुलूप बघतो, शेजाऱ्याला दोन प्रश्न विचारतो आणि ‘घर बंद आढळले’ लिहून निघून जातो. मेळघाटात आणि गडचिरोलीत मोहफुलांच्या आणि तेंदूपत्त्याच्या दिवसांत हेच होतं. समितीसमोर मात्र त्या ओळीचा अर्थ ‘पोराकडे बघायला घरी कोणी नसतं’ असा निघतो. भेटीची वेळ आधी कळवली तर हे टळतं. अर्जावर दिलेला मोबाईल नंबर बहुतेकदा पुतण्याचा असतो, आणि तो पुण्याला कंपनीत. म्हणून अर्जावर दोन नंबर द्यावेत, त्यातला एक अंगणवाडी सेविकेचा, तिला विचारून. आणि ‘वेच्यामुळे सायंकाळी सहानंतर किंवा सकाळी आठच्या आत यावे’ असं अर्जातच स्पष्ट लिहावं.

अधिकारी घरात काय बघतो? खोल्या किती, संडास आहे का, पाणी कुठून येतं, उत्पन्न किती, घरात दारू पिणारं कोणी आहे का, पोलीस केस आहे का, शाळा किती दूर, पोराची तब्येत, शेजाऱ्यांचं मत. हे सगळं नमुन्यात आहे आणि असायलाच हवं. पण भेट लवकर आटपायची असली की रकाने भिंतींचे भरले जातात, माणसांचे कोरे राहतात. कुडाच्या घराला ‘परिस्थिती हलाखीची’ असा शेरा मिळतो आणि तिथेच पेन थांबतं. संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, हे कायद्याच्या कलम ३ मध्येच मूलभूत तत्त्व म्हणून लिहिलेलं आहे. गरिबीवर उपाय म्हणून प्रायोजकत्वाची, म्हणजे पोराच्या खर्चासाठी दरमहा पैशांची, मदत आहे. त्यामुळे केवळ पत्र्याच्या छपरावरून नकारात्मक अहवाल देणाऱ्याला आम्ही चांगला तपासणारा म्हणणार नाही.

चांगला तपासणारा पोराच्या दिवसाचा हिशोब मागतो. सकाळी त्याला उठवणार कोण? डबा कोण करणार? शाळा सुटल्यापासून दिवे लागेपर्यंत ते कोणाच्या नजरेखाली असणार? रात्री कोणाजवळ झोपणार? मुलगी असेल तर तिला वेगळी, आडोशाची जागा आहे का? आजी आजारी पडली तर कोण? या शेवटच्या प्रश्नावर बरेच अर्ज अडतात. आजीचं वय सत्तरीकडे असेल तर दुसऱ्या माणसाचं नाव आधीच द्यावं, म्हणजे लग्न झालेली आत्या, धाकटा काका, कोणीही, पण तो त्याच गावात किंवा शेजारच्या गावात राहणारा आणि भेटीच्या दिवशी समोर बसलेला हवा. घराला रंग देण्यापेक्षा, नवी सतरंजी आणण्यापेक्षा या एका नावाचा उपयोग जास्त होतो.

पोराशी एकट्यानं बोलणं हा तपासणीचा गाभा आहे आणि नेमका तोच सुटतो. ओसरीत सरपंच, पोलीस पाटील, चार भाऊबंद बसलेले, आणि मधोमध उभ्या केलेल्या आठ वर्षांच्या पोरीला विचारतात, ‘काय गं, आजीजवळ राहशील ना?’ ती मान हलवते. ही मान म्हणजे संमती नव्हे. अधिकाऱ्यानं तिला शाळेत, बाईंच्या खोलीत भेटावं, आणि एकाऐवजी दोनदा भेटावं. नातेवाइकांनीही गर्दी जमवू नये. भेटीचे फोटो गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं तर सरळ गुन्हा ठरू शकतो. कलम ७४ प्रमाणे अशा मुलाची ओळख उघड करायला बंदी आहे, शिक्षा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

एक गोष्ट नमुन्यात ठळक नाही, पण विदर्भात ती पाहिल्याशिवाय अहवाल पुरा धरू नये: जमीन आणि मदतीचा पैसा. शेतकरी आत्महत्येच्या पात्र प्रकरणात १ लाखाच्या मदतीतले ३० हजार रोख आणि ७० हजार ठेवीत असतात. ते पासबुक कोणाजवळ आहे? सातबारावर वारस नोंद झाली का? पोराच्या नावापुढे ‘अपाक’, म्हणजे अज्ञान (अल्पवयीन) वारसाचा पालनकर्ता, म्हणून कोणाचं नाव लागलं आहे? पोर मागायला दोन घरं आली असतील तर सातबाराचा ताजा उतारा आणि फेरफार पाहून बरंच कळतं. ज्याच्या मनात काही नाही त्यानं हे कागद स्वतःहून फाइलला लावावेत, आणि जमिनीचं उत्पन्न पोरावर कसं खर्च होईल ते चार ओळींत लिहून द्यावं. याचा अहवालावर चांगला परिणाम होतो.

पैशांच्या योजनांबाबत सेवा मध्यम. राज्याच्या बालसंगोपन योजनेत महिना २,२५० रुपये, मिशन वात्सल्यच्या प्रायोजकत्वात ४,००० रुपये. दुसऱ्यासाठी ग्रामीण भागात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ७२,००० रुपये आहे. शिष्यवृत्तीसाठी काढलेला जुना उत्पन्नाचा दाखला जोडला आणि त्यात आकडा यापेक्षा मोठा असला, की अर्ज परत येतो. तहसीलचा नवा दाखला काढावा. आईवडिलांचे मृत्यू दाखले, पोराचा जन्म दाखला, बोनाफाईड, रेशन कार्ड, आधार, बँक पासबुक आणि पोरासह घरासमोर काढलेला फोटो, एवढं तयार ठेवावं. पोर मामाकडे जाणार असेल तर वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला आणि जातीचे कागद आताच मागून घ्यावेत. दहावीनंतर जात प्रमाणपत्रासाठी वडिलांकडचेच पुरावे लागतात, आणि तोवर दोन घरांत बोलणं राहिलेलं असेलच असं नाही.

आदेशात नेमकं काय लिहिलं आहे ते वाचून घ्यावं. कुटुंबात परत सोपवणं, समितीनं पारखलेल्या ‘योग्य व्यक्ती’कडे तात्पुरतं ठेवणं, प्रतिपालकत्व (दत्तक न घेता दुसऱ्या कुटुंबानं पोर सांभाळणं), या तिन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. दत्तक तर यांच्यापैकी कशातच येत नाही. त्यासाठी वेगळी प्रक्रिया आणि जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. हमीपत्रावर अंगठा देण्याआधी ते मोठ्यानं वाचून दाखवायला सांगावं. समितीचे सदस्य हे करतात, मागावं मात्र लागतं. आदेश विरुद्ध गेला तर ३० दिवसांत बाल न्यायालयात अपील करता येतं. प्रतिपालकत्व आणि प्रायोजकत्वाच्या निर्णयावरचं अपील मात्र जिल्हाधिकाऱ्यांकडे.

पोर घरी आल्यानंतरचा पाठपुरावा हा या सेवेचा सर्वांत कच्चा भाग आहे. पहिले तीन महिने पोर रात्री दचकून उठतं, शाळेत जायला नाही म्हणतं, कधी पळून बालगृहाकडेच निघतं, आणि त्याच काळात भेट द्यायला कोणी फिरकत नाही. अशा वेळी १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर फोन करावा, तो फुकट आहे. गावात ग्राम बाल संरक्षण समिती कागदावर असतेच, तिच्या बैठकीत पोराचं नाव न घेता मदत मागावी. आदेशाच्या चार झेरॉक्स काढाव्यात: एक शाळेत मुख्याध्यापकांकडे, एक बँकेत, एक अंगणवाडीत किंवा आरोग्य उपकेंद्रात, आणि एक घरी रेशन कार्डाच्या पिशवीत. मूळ प्रत कोणालाही देऊ नये.