लेझर हॅचिंग करावं की गर्भाला स्वतःच बाहेर येऊ द्यावं?

आयव्हीएफमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेत गर्भ तयार करून तो गर्भाशयात सोडण्याच्या उपचारात, गर्भाभोवती झोना नावाचं पारदर्शक कवच असतं. पाचव्या-सहाव्या दिवशी गर्भ फुगतो, कवच ताणून पातळ होतं आणि फटीतून तो हळूहळू बाहेर सरकतो. मगच तो गर्भाशयाला चिकटू शकतो. हे त्याचं तो करतो, वेगळा खर्च नाही.

लेझर हॅचिंगमध्ये एम्ब्रियॉलॉजिस्ट (प्रयोगशाळेतले गर्भतज्ज्ञ) सूक्ष्मदर्शकाखाली, काही मिलिसेकंदांत, कवचाला छोटं छिद्र पाडतात किंवा ते पातळ करतात. ऐकायला पटतं. पण प्रश्न बाळ घरी येण्याचा आहे, आणि तिथे पुरावा कच्चा पडतो. कॉक्रेन ही उपचारांचा पुरावा एकत्र तपासणारी संस्था; तिच्या 2021 च्या आढाव्यात रुग्णांवरच्या 39 चाचण्या तपासल्या. गर्भ राहण्याचं प्रमाण कदाचित किंचित वाढतं, पण जिवंत बाळ जन्माला येण्याचं वाढतं का, हे ठरलं नाही. उलट जुळ्यांची शक्यता वाढू शकते, म्हणजे आईला जास्त जोखीम. ब्रिटनमध्ये उपचारांबद्दल मार्गदर्शक सूचना देणाऱ्या नाइस संस्थेनेही 2013 मध्ये ही पद्धत सुचवू नये असंच म्हटलं.

गर्भाची जनुकीय तपासणी करायची असेल तर पेशी काढायला सहसा छिद्र पाडावं लागतं, ती गोष्ट वेगळी. पण पहिल्याच सायकलला (उपचाराच्या पहिल्या फेरीला) बिलात 'हॅचिंग' दिसलं, तर माझं कळकळीचं सांगणं: डॉक्टरांना विचारा, "माझ्याच बाबतीत का?"