लेझर मेजर, आठ महिन्यांनंतर: घ्या, पण ते डावीकडचं बटण आधी बघा

मागच्या आठवड्यात सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर मला सांगण्यात आलं की बोर्ड बदलावा लागेल, एकोणीसशे रुपये. लेझरचा ठिपका टाकून अंतर मोजणारं हे यंत्र घेतलं अठ्ठावीसशे पन्नासला. वॉरंटी अजून चार महिने शिल्लक, बिल हातात, आणि तरी उत्तर एकच: आत सेल गळलाय, हे वॉरंटीत बसत नाही. तीन आठवडे ठेवून घेऊन एवढंच सांगितलं. मी यंत्र परत घेतलं आणि हॉस्टेलच्या कोपऱ्यावरच्या मोबाइल दुरुस्तीवाल्या दादांना दाखवलं. त्यांनी सेलच्या पत्र्यांवर जमलेली हिरवट पांढरी बुरशी ब्रशने खरवडली, कापसाने स्पिरिट लावून पुसलं, एका पत्र्याला डाग दिला. दीडशे रुपये. स्क्रीन लागली ती आजपर्यंत चालू आहे.

चूक माझीही होती, ती आधी लिहिते. सबमिशनच्या काळात दीड महिना यंत्र सेलसकट ड्रॉवरमध्ये पडून होतं आणि सेल होते दहा रुपयांचे. अल्कलाइन सेल घाला, आणि काम नसेल तेव्हा काढून ठेवा. पण तीन आठवडे ठेवून साधे पत्रे न पुसता थेट बोर्डाचं बिल पुढे करायचं, याचा राग मला अजून आहे. विद्यार्थ्याच्या खिशातून दोन हजार जाणं म्हणजे काय असतं, ते काउंटरपलीकडच्या माणसाला कळायला हवं होतं.

मी इंटिरिअर डिझाइनच्या चौथ्या वर्षाला आहे, पुण्यात. यंत्र घेतलं सहावं सेमिस्टर संपताना, इंटर्नशिपच्या आधी. रेंज, सेल, मोड हे सगळं डब्यावर असतंच, ते इथे लिहीत नाही. आठ महिन्यांत साधारण वीस साइट मोजल्या, त्यात काय झालं ते लिहिते.

सुरुवातीला मी या यंत्रावर फारच खूश होते. पहिल्या रात्री घरी गेले तेव्हा आईचं स्वयंपाकघर मोजलं. इतिहासाच्या तासाला आम्हाला फ्रँकफर्ट किचन शिकवलं होतं. मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की यांनी १९२६ मध्ये केलेलं, जेमतेम १.९ बाय ३.४ मीटरचं, बाईची पावलं मोजून आखलेलं. वर्गात ते स्लाइडवरचं एक चित्र होतं. घरी भिंतीवर लाल ठिपका टाकला आणि आमचं स्वयंपाकघर निघालं २.२ बाय २.७. म्हणजे क्षेत्रफळ त्याहून थोडं लहान, आणि तरी आई फ्रिजपासून ओट्यापर्यंत दिवसभर खेपा घालते, कारण फ्रिज बाहेर हॉलमध्ये आहे. मी आईला म्हटलं, "अगं, तुझ्या घरात फ्रिज चुकलाय." ती म्हणाली, "बावीस वर्षं हेच सांगतेय तुझ्या बाबांना." दिवाळीत फ्रिज आत आला. त्या एका संध्याकाळी यंत्राचे निम्मे पैसे वसूल झाले असं मी तेव्हा धरलं होतं.

आता बटणाबद्दल. यंत्राच्या डाव्या कडेला एक छोटं बटण आहे. ते दाबलं की माप कुठून धरायचं ते बदलतं: यंत्राच्या मागच्या कडेपासून की पुढच्या कडेपासून. दोन्हींचा उपयोग आहे, ते मान्य. पण नेहमीचं मोजणं मागच्या कडेने होतं, यंत्राची पाठ भिंतीला टेकवून. बटण चुकून दाबलं गेलं तर स्क्रीनच्या कोपऱ्यात तांदळाच्या दाण्याएवढं चिन्ह बदलतं, आवाज येत नाही, काही विचारलं जात नाही. आणि यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं तरी ते बदललेलंच राहतं. काही कंपन्यांची यंत्रं चालू करताना आपोआप मागच्या कडेवर येतात. माझं येत नाही. दुकानात हे एकदा तपासलं असतं तर हा लेख निम्मा झाला असता.

वारज्याची साइट, मॉड्युलर किचन. मी हॉल, दोन्ही खोल्या मोजल्या, यंत्र कुर्त्याच्या खिशात टाकलं, खिडकीच्या सिलचं, म्हणजे खालच्या कडेचं, माप टेपने घेतलं आणि मग स्वयंपाकघराची मोठी भिंत मोजली. २६३८ मिमी. बिल्डरच्या प्लॅनवर ती भिंत नऊ फूट होती, म्हणजे २७४३. मला वाटलं प्लास्टर, टाइल्स, बांधकामातला फरक, असं होतंच. यंत्र खोटं बोलणार नाही असं मनात पक्कं होतं. ड्रॉइंग केलं, ते फॅक्टरीत गेलं, कार्कस, म्हणजे कपाटांचे सांगाडे, तयार होऊन आले.

फिटिंगच्या दिवशी शेवटचं कपाट बसलं आणि भिंतीशी सरळ वरपासून खालपर्यंत फट राहिली. मिस्त्रीकाकांनी टेप लावला आणि म्हणाले, "ताई, चार इंच एक सूत." मला पाच मिनिटं काही सुचेना. मग मी खिशातून यंत्र काढलं आणि आडवं त्या फटीत धरलं. ते बसलं. डावी-उजवीकडे कागद जाईल एवढीसुद्धा जागा नाही. यंत्राची लांबी १०५ मिमी, म्हणजे चार इंच एक सूत. खिशात बटण दाबलं जाऊन माप पुढच्या कडेपासून धरलं गेलं, आणि भिंतीच्या मापातून माझ्या हातातलं यंत्रच वजा झालं होतं.

ज्यांना सूत माहीत नाही त्यांच्यासाठी: एका इंचात आठ सूत. साइटवर सगळा व्यवहार फूट, इंच आणि सुतात चालतो, कॉलेजमध्ये मिलिमीटरमध्ये. तीन वर्षं मी ड्रॉइंगवर ६००, ७२०, १८ असे आकडे लिहिले आणि साइटवर पहिल्या दिवशी काका म्हणाले, "दोन सूत मारून घेऊ का?" तेव्हा मी नुसती मान हलवली. एक सूत म्हणजे ३.१७५ मिमी. हे एवढं पाठ करा, बाकी आपोआप येतं. यंत्राची अचूकता दोन मिमी कमी-जास्त, म्हणजे सुतापेक्षा कमी, त्यामुळे फर्निचरच्या कामाला ते पुरेसं आहे. त्याबद्दल माझी अजिबात तक्रार नाही.

त्या दिवशी मात्र मी कॉलेजवर फार चिडले होते. व्ही-रे सॉफ्टवेअरमध्ये सोफ्यावर पडणारा उजेड शिकवता आणि भिंत मोजायला शिकवत नाही, असं मी मैत्रिणीला फोनवर ओरडून सांगितलं. ते मत नंतर बदललं, म्हणून तेही लिहिते. इंटर्नशिपचा अहवाल करताना पहिल्या वर्षाची फाइल काढली. दुसऱ्या सेमिस्टरमध्ये आम्ही वर्ग मोजून त्याचं ड्रॉइंग केलं होतं. माझ्या शीटवर मॅडमनी लाल पेनने लिहिलं होतं: कर्ण कुठे आहेत? मी तेव्हा कर्ण घेतलेच नव्हते. सहा गुण गेले आणि मी विसरून गेले. वारज्याच्या स्वयंपाकघरात दोन कर्ण घेतले असते तर चार बाजू आणि दोन कर्ण कागदावर जुळलेच नसते आणि चूक दहा मिनिटांत सापडली असती. शिकवलं होतं. आमचं लक्ष लाइन वेटवर, म्हणजे रेषांच्या जाडीवर, आणि शीटच्या सजावटीवर होतं. कॉलेजने एवढं करावं की हा प्रकार एका असाइनमेंटवर न संपवता दर सेमिस्टरला एक खरं, वाकडं, भाड्याचं घर मोजायला लावावं. वर्गाची खोली काटकोनात असते. पुण्यातल्या जुन्या इमारतीतली खोली कधीच नसते.

मोजण्याची जी पद्धत आता हाडात बसली आहे, ती बहुतेक काकांनी शिकवली. वॉर्डरोब बसवायचा असेल तर रुंदी तीन ठिकाणी घ्यायची: स्कर्टिंगजवळ, कमरेला आणि वर. सगळ्यात कमी भरेल ते माप धरायचं. भिंत उभी सरळ आहे का ते ओळंब्याने, कोपरा गुण्याने, म्हणजे काटकोनी पट्टीने, आणि मोठा कोपरा असेल तर तीन-चार-पाच लावून: एका भिंतीवर तीन फुटांवर खूण, दुसरीवर चार फुटांवर, दोन खुणांमध्ये पाच फूट भरले तर काटकोन. बीम किती खाली उतरतोय, खिडकीची सिल, लिंटल (खिडकी-दारावरची आडवी तुळई), स्विचबोर्ड, पाण्याचे पॉइंट, गॅसचा पाइप, हे सगळं एकाच कोपऱ्यापासून मोजत जायचं, तुकड्या-तुकड्यांत नाही. तुकड्यांत घेतलं की प्रत्येक तुकड्याची चूक पुढच्यात मिसळते.

आणि टेप. यंत्र घेतल्यावर मी टेप घरी ठेवायला लागले होते, ती मोठी चूक. रविवार पेठेत बोहरी आळीत पाच मीटरचा चांगला टेप घेतला, त्याचं टोकाचं हूक हलत होतं म्हणून परत करायला निघाले होते. काकांनी थांबवलं. ते हूक मुद्दाम सैल असतं. जेवढी पत्र्याची जाडी, तेवढंच ते पुढे-मागे सरकतं. बाहेरून अडकवून मोजलं तर ओढलं जातं, आतून टेकवून मोजलं तर दाबलं जातं, आणि दोन्ही वेळा शून्य बरोबर जागी येतं. त्यांनी प्लायच्या तुकड्यावर दोन्ही बाजूंनी लावून दाखवलं. इतका साधा पत्रा, दोन रिव्हेट आणि थोडी मोकळीक, आणि आपली चूक आपोआप भरून काढणारी रचना. मला तो क्षण चार वर्षांच्या कुठल्याही लेक्चरपेक्षा जास्त आठवतो. बटण केलं त्या माणसाने हे हूक एकदा हातात धरायला हवं होतं.

यंत्राच्या बाकी गोष्टी. भर उन्हात बाल्कनीत ठिपका दिसत नाही, संध्याकाळी जा. काच, आरसा आणि काळं चकचकीत लॅमिनेट यांच्यावर माप भरकटतं किंवा येतच नाही. मी कॅड शीटमागचा पांढरा पुठ्ठा कापून ठेवला आहे, तो समोर धरते. उंची अप्रत्यक्ष काढायचा पायथागोरसवाला मोड दिसायला छान आहे, पण हात किंचित हलला तरी इंचभर फरक पडतो, त्यावर फर्निचर कापू नका. एकट्याने साइट मोजायची असेल तर मात्र याला पर्याय नाही. टेपचं दुसरं टोक धरायला कुणी लागत नाही, आणि बाईमाणसाला रिकाम्या फ्लॅटमध्ये काम आटोपून लवकर बाहेर पडता येतं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

मावशीने नवीन फ्लॅटचा कार्पेट एरिया मोजायला बोलावलं होतं. खोल्यांची बेरीज करारातल्या आकड्यापेक्षा कमी आली आणि ती बिल्डरशी भांडायला निघाली. रेरा कायद्यात कार्पेट एरियामध्ये आतल्या पार्टिशन भिंतींची जागा धरलेली असते. बाहेरच्या भिंती, डक्ट आणि बाल्कनी नसते. आतल्या भिंती मोजून मिळवल्या तेव्हा आकडा जवळपास जुळला. भांडण वाचलं.

कोणी घ्यावं? पहिल्या वर्षाला अजिबात घेऊ नका. आधी टेप, गुण्या, ओळंबा, आणि अप्पा बळवंत चौकातून स्केल. पैसे राखून ठेवा, तिसऱ्या वर्षी लागतात. ऑटोकॅड हे ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांना फुकट मिळतं, तिथे खर्च नाही. पण मटेरियलचे नमुने, मॉडेलचं सामान आणि प्रिंट यात जीव जातो. तिसऱ्या वर्षी, इंटर्नशिपच्या आधी घ्या. घेताना दुकानातच चालू-बंद करून बघा की कडेचं सेटिंग परत मागे येतं का. येत नसेल तर दुसरं दाखवा म्हणा. दोनशे रुपये जास्त गेले तरी चालतील.

मी एवढ्यावरून का अडून बसले आहे? आर्किटेक्टला १९७२ च्या कायद्याने नोंदणी लागते, त्याशिवाय ती पदवी नावापुढे लावता येत नाही. आपल्याला, म्हणजे इंटिरिअर डिझायनरना, तसा परवाना नाही. त्याच वर्षी इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन इंटिरिअर डिझायनर्स सुरू झाली, पण तिचं सदस्यत्व म्हणजे परवाना नव्हे. उद्या मी बोर्ड लावला आणि शेजारी सनमायकावाल्यानेही लावला, तर गिऱ्हाइकाला दोघांत फरक कशाने कळणार? रेंडर, म्हणजे खोलीचं कॉम्प्युटरवरचं हुबेहूब चित्र, आता कुणीही काढून देतं. ज्या दिवशी कपाट भिंतीला बरोबर बसतं, त्या दिवशी घरातल्या माणसाला कळतं की हिला काम येतं.

वारज्याच्या काकूंनी ती फट बुजवू दिली नाही. मी माफी मागून नवीन पॅनल माझ्या स्टायपेंडमधून करून देते म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "राहू दे गं, माझा पोळपाट कुठे ठेवायचा हाच प्रश्न होता." आता त्यात पोळपाट, दोन परातींची झाकणं आणि केकचा ट्रे उभे असतात. आत मी लॅमिनेट लावून घेतलं, त्याचे पैसे मात्र मीच दिले.

बटणाचा उपाय काकांनीच केला. एक मिमी लॅमिनेटच्या उरलेल्या तुकड्यातून त्यांनी पटाशीने नखाएवढी चौकट कापली, मधे भोक, आणि बटणाभोवती चिकटवली. आता खिशात बटण दाबलं जात नाही, मुद्दाम दाबायचं तर पेनाचं टोक घालावं लागतं. चौकट लावून अकरा आठवडे झाले, सेटिंग एकदाही हललेलं नाही. तरी प्रत्येक साइटवर पहिलं माप मी दोनदा घेते, एकदा यंत्राने, एकदा टेपने, आणि दोन्ही वहीत शेजारी-शेजारी लिहिते. उद्या सकाळी धायरीला जायचंय, सेल आताच काढून ठेवलेत.