भाड्याची १५०-६०० लेन्स घेऊन मुन्नारच्या ढगात : नाशिककरांसाठी रिव्ह्यू

आधीच सांगते, लेन्स भाड्याने देणाऱ्या दुकानाचं नाव लिहिणार नाहीये कारण खाली एक तक्रार आहे आणि दुकानवाले काका माणूस म्हणून खरंच चांगले आहेत. एमजी रोडच्या आसपास, जिना चढून वर, खाली मोबाईल कव्हरवाला बसतो. एवढ्यावर ज्यांना शोधायचंय ते शोधतीलच.

तर झालं असं की दिवाळीनंतर मी, नवरा आणि नणंद असे तिघं मुन्नारला गेलो, चहाचे मळे बघायला नाही तर पक्षी बघायला, आणि खरं सांगायचं तर फोटो काढायला. माझ्याकडे स्वतःची ७०-३०० एमएमची लेन्स आहे (आकडा मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं), ती नांदूरमध्यमेश्वरला, म्हणजे आपल्या निफाडच्या धरणावरच्या पक्षी अभयारण्यात, कायम कमी पडते. ज्यांनी चापडगावच्या टॉवरवरून फोटो काढलेत त्यांना माहितीये, पक्षी पाण्याच्या पार पलीकडे, ऊन डोक्यावर, आणि ३०० एमएमला फ्लेमिंगो म्हणजे गुलाबी ठिपका. चार हिवाळे तिथे काढले, रामसार यादीत नाव आलं (पाणथळ जागांची आंतरराष्ट्रीय यादी; २०२०, महाराष्ट्रातली पहिली जागा, निफाडवाल्यांनी कॉलर टाईट करायला हरकत नाही) तेव्हापासून तर गर्दी पण वाढलीय. त्यामुळे माझ्या डोक्यात एकच, ६०० पाहिजे म्हणजे पाहिजे. क्रॉप बॉडीवर (लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) ती ९०० सारखी होते, मग तर काय, पक्ष्याच्या पापण्या मोजू.

काकांनी विचारलं, "कुठं चाललात ताई?" म्हटलं मुन्नार, शोलाच्या जंगलात. "तिथं ढग असतात ना? मग हा दोन किलोचा वरवंटा कशाला नेताय, माझी ३०० एफ ४ घेऊन जा, हलकी पण आहे आणि भाडं पण कमी." (एफचा आकडा जितका लहान तितका लेन्समध्ये उजेड जास्त.) मला वाटलं ती पडून असेल, खपवतायत. मी म्हटलं काका तुम्ही गेलायत का तिथे? तर म्हणे, "नाही गेलो, पण चाळीस वर्षं मंगल कार्यालयांत फोटो काढलेत, अंधाराचं मला नका सांगू."

मी हसले आणि १५०-६०० घेतली. सातशे रुपये रोज, दहा हजार डिपॉझिट, आधारची झेरॉक्स. सोबत मोनोपॉड (एकपायी स्टँड) फुकट दिला आणि सिलिका जेलच्या पुड्या एका जुन्या पेढ्याच्या डब्यात घालून दिल्या, म्हणाले ओल लागली तर तांदळात वगैरे ठेवू नका, तांदळाची पूड आत जाते. हे पाच स्टारचं काम आहे, उगाच नाही सांगत.

नाशिकरोडहून मंगला एक्स्प्रेस थेट जाते, आम्ही आलुव्याला उतरलो आणि तिथून गाडी केली. पूर्ण प्रवास लेन्सची बॅग माझ्या दोन पायांत. नणंद म्हणे तान्हं पोर पण इतकं कोणी सांभाळत नाही.

आता जंगलाबद्दल थोडं, कारण त्याशिवाय लेन्सचं काय झालं ते कळणार नाही. आपला कळसूबाई १६४६ मीटर, महाराष्ट्रातला सगळ्यात उंच. मुन्नार गावच जवळपास त्या उंचीला वसलंय आणि बाजूची अनामुडी २६९५. समुद्राकडून आलेली दमट हवा या डोंगरांवर चढते, थंड होते आणि तिचा ढग होऊन झाडांतच अडकून बसतो. म्हणून झाडं बुटकी, वाकडी, खोडाला बोटभर शेवाळ, फांद्यांवर ऑर्किड, आणि पाऊस नसताना पण पानांवरून टपटप चालूच. वर गवताळ माळ आणि घळींमध्ये अशी गच्च झाडी, या झाडीलाच शोला म्हणतात. आत शिरलं की सकाळी साडेआठला पण वाटतं संध्याकाळचे सहा वाजले. बाहेरून बघताना इतकं हिरवं दिसतं ना, आत सगळं काळपट.

पहिल्या सकाळी पांपाडुम शोला. टॉप स्टेशनकडून वट्टवडाला जो रस्ता जातो तिथे. गाईड मल्याळी पण मुंबईत हॉटेलात काम केलेला, त्यामुळे हिंदी झकास. रस्त्याच्या कडेला जेमतेम दहा मिनिटं उभे असू, तो कुजबुजला "मॅडम, नीचे" आणि बघते तर ब्लॅक अँड ऑरेंज फ्लायकॅचर. चिमणीपेक्षा लहान, अंग संत्र्याच्या सालीसारखं आणि डोकं-पंख काळेभोर, एका बारक्या फांदीवर गुडघ्याच्या उंचीला बसलेला, माझ्यापासून सहा-सात फुटांवर. हा फक्त दक्षिणेतल्या या उंच डोंगरांतच मिळतो, आपल्याकडे नाहीच. मी कॅमेरा उचलला आणि लेन्स फोकसच करेना. घर्रर्र पुढे, घर्रर्र मागे. पक्षी बसलाय शांतपणे, मी घामाघूम, नवरा मागून "काढला का काढला का."

पाच मिनिटांनी कळलं की लेन्सवरचं फोकस लिमिटरचं बटण आधीच्या भाडेकरूने दहा मीटरच्या पुढे लावून ठेवलेलं. म्हणजे जवळचं बघायचंच नाही असं तिला सांगितलेलं. काकांनी बघायला हवं होतं आणि मी पण बघायला हवं होतं. ते फुल केलं तरी गाडी अडली, कारण या लेन्सचा अडीच-तीन मीटरच्या आत फोकसच होत नाही आणि हे पठ्ठे त्याच्या पण आत येऊन बसतात. मग मी मागे सरकत सरकत झुडपात, तिथे जळवा. एक मोज्यात, एक मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याखाली. फोटो मात्र मिळाला, आयएसओ ६४०० (म्हणजे सेन्सरची संवेदना खूप वाढवून), एफ ६.३, शटर १/४० सेकंद. साठेक क्लिक केले असतील, डोळा शार्प आहे असे तीन. तीनच.

इथे काकांचं मंगल कार्यालय आठवलं. नांदूरला मी १/२००० सेकंदापेक्षा हळू शटर कधी ठेवत नाही, उडत्या बदकांचे काढायचे असतात. शोलात उजेडच नाही आणि ही लेन्स ६०० ला एफ ६.३ च्या पुढे उघडत नाही. एफ २.८ वाली असती तर याच्या पाचपट उजेड आत आला असता, एफ ४ वाली घेतली असती तरी अडीचपट. आणि लांब पोचायची गरज कुठे होती, पक्षी तर पायाशी येतोय! माझा पूर्ण हिशोब धरणाच्या पाण्यावरचा होता आणि मी तो जसाच्या तसा जंगलात घेऊन गेले.

दुसरी गंमत म्हणजे एक्स्पोजर. नांदूरला पांढरे बगळे जळू नयेत म्हणून मला एक्स्पोजर मायनस (फोटो मुद्दाम थोडा काळपट) करायची सवय. मुन्नारला मागे पांढरा ढग असतो, कॅमेऱ्याला वाटतं बापरे केवढा उजेड, आणि पक्षी कोळसा होतो. इथे उलट प्लस करावं लागतं, एक-दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). पहिल्या दिवसाचे निम्मे फोटो मी असे काळे करून घालवले. आणि धुक्यात तीस-चाळीस मीटरवरच्या पक्ष्याचा फोटो काढूच नका, ६०० असो की ८००, मधलं धुकं पण तेवढंच मोठं होऊन येतं.

पळणी लाफिंगथ्रशची गोष्ट सांगायलाच हवी. करडा-तपकिरी, डोळ्यावर पांढरी भुवई, टोळीने येतात आणि इतका कल्ला करतात की आपल्या सातभाईंची आठवण यावी. चहाच्या टपरीमागे केळीच्या सालांवर आले होते. याच्या शास्त्रीय नावात फेअरबँकी आहे, आणि हा फेअरबँक कोण तर आपल्या नगर जिल्ह्यात राहणारा अमेरिकन मिशनरी! कोडाईकनालच्या डोंगरात त्याला हा पक्षी मिळाला आणि १८६९ मध्ये त्याचं नाव पक्ष्याला लागलं. नगरच्या पाद्र्याचं नाव तिथल्या ढगात ओरडत फिरतंय हे मला इतकं आवडलं की मी गाईडला दोनदा सांगितलं, तो बिचारा दोन्ही वेळा "अच्छा" म्हणाला. त्यांचे फोटो मस्त आले कारण टपरीमागे उघडं होतं. नीलगिरी फ्लायकॅचर पण मिळाला, तारेवर, साधा.

शोलाकिळी नाही मिळाली. मल्याळममध्ये किळी म्हणजे पक्षी. निळी, पोट पांढरं, झाडीच्या अगदी तळाशी ओलसर पाचोळ्यात फिरते. अंधार पडता पडता गात होती, इतकी गोड शीळ, आणि दिसली मोजून चार सेकंद. कॅमेरा डोळ्याला लावेपर्यंत गेली. बाजूला दुसरा एक ग्रुप मोबाईलवर तिचाच आवाज वाजवून बोलवत होता, पुन्हा पुन्हा, दहा मिनिटं. आमच्या गाईडने हळूच सांगितलं की तिला वाटतं दुसरी कोणी आपल्या जागेत घुसली, खाणंपिणं सोडून भांडायला येते. आम्ही तिथून निघालो. फोटो नाही तर नाही.

लेन्सला न्याय मिळाला तो एरविकुलम नॅशनल पार्कला. वर गवताळ माळ, तासभर ऊन पडलं आणि दगडावर नीलगिरी पिपिट येऊन बसला, लांब, तिथे ६०० ने कमाल केली, पाठीवरची एकेक रेघ मोजून घ्या. नीलगिरी ताहर (इथल्या रानबकऱ्या) मात्र इतके जवळ आले की १५० ला पण नुसतं तोंड. (फेब्रुवारी-मार्चमध्ये ताहरच्या पिल्लांसाठी हा पार्क बंद असतो, तेव्हा तिकीट काढण्याआधी बघा.)

आता लेन्सचे दोष. खाली लटकवली की आपोआप लांब होते, लॉकचं बटण आहे पण ते फक्त १५० वर. अशी आतबाहेर करताना ती ओली हवा आत ओढते. आणि एक चूक माझी, थंडीतून आल्या आल्या होमस्टेच्या स्वयंपाकघरात बॅग उघडली, तिथे पुट्टूची (तांदळाच्या पिठाचा वाफवलेला पदार्थ) वाफ, समोरची काच दुधासारखी पांढरी. काळजाचं पाणी झालं, दहा हजार डिपॉझिट डोळ्यांसमोर. पेढ्याच्या डब्यातल्या पुड्या, प्लॅस्टिकची पिशवी आणि रात्रभर धीर, सकाळी स्वच्छ. बाहेरून आत येताना बॅगेची चेन अर्धा-पाऊण तास उघडायचीच नाही, हे पाठ करून ठेवा.

तक्रार हूडची, म्हणजे लेन्सच्या तोंडावर बसवायच्या कड्याची. पहिल्यापासून सैल होतं, मला वाटतं दुसऱ्याच कुठल्या लेन्सचं होतं, फिरवलं की खट्ट आवाज यायचा तो येतच नव्हता. तिसऱ्या दिवशी चहाच्या मळ्याच्या उतारावर पडलं आणि गडगडत गेलं, नवरा उतरला पण सापडलं नाही. परत केल्यावर काकांनी आठशे कापले. मी म्हटलं तुम्हीच चुकीचं दिलंत, ते म्हणाले घेताना बघायचं ना ताई. वर गाडी उशिरा आली म्हणून एक दिवसाचं जादा भाडं, ते वाद घालून अर्ध्यावर आणलं. पावतीवर हूडचा उल्लेख नाही, लिमिटरचं तपासलेलं नाही, देताना लेन्सचा एक फोटो काढून ठेवायची पद्धत नाही. भाड्याने द्यायचा धंदा आहे तर एवढं करायला पाहिजे.

तर लेन्सला नांदूरसाठी साडेचार, शोलासाठी दोन. दुकानाला साडेतीन, त्यातला एक नुसता पेढ्याच्या डब्याचा. फोटो दाखवायला गेले तेव्हा काकांनी फ्लायकॅचर मोठा करून बघितला, म्हणाले "हलला आहे थोडा," आणि वहीत माझ्या नावापुढे ३०० एफ ४ लिहून टाकली, मी काही बोलायच्या आत. मेमध्ये उटीचं चाललंय आमचं.

दुकानात सकाळी अकराच्या आत जाऊ नका, शटर बंद असतं. आणि हूड तिथेच लावून, फिरवून, खट्ट ऐकून मगच जिना उतरा.