पहिला सिनारिओ कुठल्या लढाईचा: वॉटर्लू, कात्र ब्रा की असई?

नेपोलियनच्या काळातली एखादी लढाई कॉम्प्युटरवर उभी करायची म्हटलं की बहुतेकांचं बोट आधी वॉटर्लूवर जातं. माझंही गेलं होतं. चार महिने नकाशा आणि फौजांच्या याद्या करण्यात गेले आणि ती फाइल आजही अर्धवट पडली आहे. त्यानंतर कात्र ब्रा केलं, ते पुरं झालं. सध्या असईवर बसलोय. तेव्हा पहिल्यांदाच सिनारिओ, म्हणजे खेळात घालायची एका लढाईची मांडणी, करायला घेणाऱ्यानं काय निवडावं, याबद्दल थोडं अनुभवाचं. मी बोलतोय ते टर्नवर चालणाऱ्या, षटकोनी घरांच्या खेळाबद्दल: घर १०० मीटरचं, टर्न १५ मिनिटांचा, एक तुकडी म्हणजे साधारण एक पलटण. रिअल-टाइमवाल्यांची दुखणी वेगळी.

वॉटर्लूची माहिती हवी तेवढी मिळते, आणि फसगत तिथेच होते. १८ जून १८१५, सकाळी साडेअकरा ते रात्री नऊ धरले तर ३८ टर्न. नेपोलियनकडे साधारण ७२,००० माणसं, समोर इंग्रज सेनापती वेलिंग्टनकडे ६८,०००, शिवाय संध्याकाळपर्यंत त्याच्या मदतीला प्रशियाचे पन्नासेक हजार. नुसत्या पायदळाच्या पलटणीच दीडशेच्या वर भरतात. एकेक हलवत बसलं की एका रात्रीत चार टर्न झाले तरी खूप. चाचणीसाठी अख्खी लढाई दहा वेळा कोण खेळणार?

त्याहून मोठी अडचण म्हणजे खेळणाऱ्याला निकाल पाठ असतो. फ्रेंचांकडून खेळणारा वेलिंग्टनच्या उजव्या बगलेवरच्या ऊगोमोंच्या वाड्यावर डोकं आपटत नाही. सेनापती ब्यूलोचे प्रशियन साडेचारच्या सुमारास आपल्या उजवीकडून उतरणार हे त्याला ठाऊक असतं, म्हणून पहिल्याच टर्नला त्या बाजूच्या प्लांसनुआ गावात एक डिव्हिजन नेऊन बसवतो. हे टाळायला तुकड्या जागच्या जागी खिळवून ठेवाव्यात, तर खेळ राहत नाही, संहिता ठरलेल्या नाटकाचा प्रयोग होतो. वेलिंग्टनच्या फळीच्या मध्यापुढची ला हे सांतची शेतवाडी सहाच्या सुमारास पडली ती मुख्यतः आतल्या जर्मन रायफलवाल्यांच्या गोळ्या संपल्या म्हणून. ज्या खेळात दारूगोळा सगळ्या सैन्याचा मिळून एकच मोजला जातो, तिथे हे दाखवायला वेगळी कसरत करावी लागते.

कात्र ब्रा म्हणजे बेल्जियममधला एक चौरस्ता; तिथली लढाई दोनच दिवस आधीची, १६ जूनची. दुपारी दोनला सुरू, २८ टर्न. सुरुवातीला चौरस्त्यावर वेलिंग्टनच्या बाजूचे, सेनापती पेरपॉंशेरचे डच-बेल्जियन आणि नासाऊचे मिळून आठेक हजार लोक आणि १६ तोफा, समोर त्यांच्याहून बराच भारी, नेपोलियनचा मार्शल नेय. मग तीनच्या पुढे वेलिंग्टनच्या मदतीला पिक्टन आपली डिव्हिजन घेऊन येतो, ब्रन्सविकचे काळे डगलेवाले येतात, साडेपाचच्या आसपास आल्टेनची डिव्हिजन, शेवटी गार्ड्‌स. संध्याकाळपर्यंत वेलिंग्टनकडे ३६,००० आणि फ्रेंचांकडे वीस हजारांच्या थोडे वर. म्हणजे आधी एकानं घाई करायची, नंतर दुसऱ्यानं. खेळाला लागणारा ताण लढाईतच तयार आहे.

आणि राय! आपल्याकडे कणसावर आलेल्या ज्वारीत माणूस शिरला की दिसत नाही, तसं तिथे पुरुषभर उंच रायचं (गव्हासारखं एक धान्य) पीक उभं होतं. नेय दुपारपर्यंत रेंगाळला, कारण समोर किती जण आहेत ते कळेना. नेयच्या हाताखालचा सेनापती रेय स्पेनमध्ये इंग्रजांशी लढलेला, तोही सांगत होता की खरे इंग्रज वेळ आल्यावरच दिसतील. म्हणून शेताच्या घरांतून नजर अडेल एवढं मात्र नक्की करा. माझ्या एका चाचणीत फ्रेंचांचे चिलखती घोडेस्वार पिकातून निघाले आणि रांगेत उभी असलेली एक इंग्रज पलटण एका टर्नमध्ये उधळली. प्रत्यक्षात ६९व्या रेजिमेंटचं तेच झालं होतं, निशाणसुद्धा गेलं. ते पाहिलं आणि हा सिनारिओ आता चालणार असं वाटलं.

उरतो नेपोलियनचा आणखी एक सेनापती, देर्लों. त्याचं २०,००० चं कोअर (अनेक डिव्हिजनांची फौज) दिवसभर लिग्नी, जिथे त्याच दिवशी नेपोलियन प्रशियनांशी लढत होता, आणि कात्र ब्राच्या मधे हेलपाटे घालत राहिलं आणि कुठेच लढलं नाही. मी साडेचारपासून दर टर्नला त्याच्या येण्याची शक्यता शंभरात पाच ठेवली होती. ऐकायला किरकोळ, पण अठरा टर्नमध्ये तो पाच खेळांपैकी तीनदा उगवतो आणि इंग्रजांचा चुराडा करतो. शंभरात दोनवर आणल्यावर कुठे साधारण तीन-चार खेळांत एकदा यायला लागला. येण्याची धास्ती राहिली, खेळही बिघडला नाही.

आता असई. जालना जिल्ह्यातलं गाव, २३ सप्टेंबर १८०३, आणि समोर तोच आर्थर वेलस्ली, पुढचा वेलिंग्टन. मराठी माणसाला मोह होणारच. कामही आटोपशीर: दहा-बारा टर्न, वेलस्लीच्या शिस्तीच्या तुकड्या डझनभर. एका संध्याकाळी दोनदा खेळून होतं. तरी पहिला म्हणून घेऊ नका. शिंद्यांचा युरोपियन अधिकारी पोलमनच्या हाताखालच्या कवायती पलटणी दहा-अकरा हजारांच्या, तोफा शंभराच्या आसपास, इथपर्यंत ठीक. पण मराठ्यांचं तीस हजारांच्या वरचं घोडदळ जवळजवळ लढलंच नाही. ते मोकळं सोडलं तर वेलस्ली तिसऱ्या टर्नला संपतो, खिळवून ठेवलं तर मराठ्यांकडून खेळणारा तुमच्या नावानं बोटं मोडतो. मेल्याचं सोंग घेऊन पडलेले गोलंदाज उठले आणि इंग्रजांच्या पाठीवर तोफा डागू लागले, हेही खेळाच्या नियमांत सहजी बसत नाही. मी सध्या इंग्रजांच्या मागे, ओलांडून गेलेल्या जागी, एक तोफखाना नव्यानं उगवेल अशी सोय केली आहे. मराठी पलटणींची चित्रं आयती मिळत नाहीत ती वेगळीच.

तेव्हा आधी कात्र ब्रा, मग असई; वॉटर्लू कोणाचा तयार नकाशा हाती लागला तरच. असई करायला घ्याल तेव्हा सुरुवात केळणा नदीच्या दक्षिणेकडून करा, फौजा आधीच लढाईच्या फळीत उभ्या करून नको. वेलस्लीचे वाटाडे नदी पार करायला उतार नाही म्हणून सांगत होते. दोन काठांवर पिंपळगाव आणि वरूड समोरासमोर दिसले, त्यावरून वेलस्लीनं मधे उतार असणारच हे ताडलं. नकाशावर तो दाखवू नका, गावं तेवढी ठेवा.