ड्राफ्ट (प्लास्टिकचा भाग साच्यातून सहज सुटावा म्हणून त्याच्या भिंतीला दिलेला किंचित उतार) १ अंश की ३ अंश?
गोव्यातील वेर्णा औद्योगिक वसाहतीतील तरुण डिझायनरांनी हा निर्णय साचा कापण्यापूर्वीच घ्यावा, असे मला कळकळीने वाटते. ३० मिलिमीटर उंच भिंतीत १ अंशामुळे एका बाजूस सुमारे ०.५ मिलिमीटर, तर ३ अंशांमुळे जवळजवळ १.६ मिलिमीटर फरक पडतो. म्हणून जिथे दुसरा भाग अचूक बसायचा आहे, तिथे गुळगुळीत पृष्ठभाग ठेवून १ अंशच स्वीकारावा. पोत दिलेल्या बाह्य भिंतीला मात्र तो अपुरा पडतो, कारण पोताच्या दर ०.०२५ मिलिमीटर खोलीमागे साधारणतः १ ते १.५ अंश जादा ड्राफ्ट लागतो आणि तो नसल्यास भाग बाहेर पडताना पोतच खरवडला जातो. तिथे ३ अंशच हवेत.