अक्रोड म्हणून आणलं, निघालं भलतंच (नर्सरीला 5 पैकी 2)

सोसायटीच्या मागच्या पट्ट्यात लावायला झाड हवं होतं म्हणून आमच्या वेस्टर्न लाइनवरच्या एका मोठ्या नर्सरीत गेले होते, नाव घेत नाही. मोगरा, अडेनियम बघत बघत पुढे गेले तर चार फुटी रोपावर पाटी, 'अक्रोड, कलमी, 3 वर्षांत फळ', किंमत 850. तिथल्या मुलाला विचारलं, अरे मुंबईत अक्रोड होतं का? तर म्हणे मॅडम, एकदम होतं, बिनधास्त लावा. घेतलं. हाव म्हणा, दुसरं काय.

घरी आणलं तर वरच्या मजल्यावरचे काका, कॉलेजात बॉटनी शिकवायचे ते, पान हातात घेऊन हसायलाच लागले. अक्रोडाचं पान संयुक्त असतं, एका देठावर पाच ते नऊ पानं, चुरगळलं की उग्र वास येतो. याचं पान एकच, रुंद, टोकं फुटलेलं आणि कोवळ्या शेंड्यावर पिठासारखी पांढरट लव. फांदी उभी चिरून दाखवली, खऱ्या अक्रोडाच्या गाभ्यात जिन्याच्या पायऱ्यांसारखे कप्पे असतात, इथे तसलं काही नाही. हे निघालं जंगली अक्रोड, ज्याच्या बियांचं तेल दिव्यात जाळायचे. मुंबईच्या हवेत मस्त वाढेल, पण बिया कच्च्या खाल्ल्या तर विषारी! सोसायटीत लहान पोरं आहेत हो, हे पाटीवर लिहायला काय जातंय?

आणि खरं अक्रोड असतं तरी काय उपयोग, त्याला हिवाळ्यात 7 डिग्रीच्या खाली शेकडो तास लागतात तेव्हा कुठे पुढच्या मोसमाचा फुलोरा नीट येतो, म्हणून ते काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडात. मुंबईत आजवरचं सगळ्यात कमी तापमान 7.4, तेही 1962 च्या जानेवारीत, म्हणजे अख्खी मुंबई कुडकुडली त्या दिवशीही अक्रोडाचं पोट भरलं नसतं.

त्याच रांगेत 'अमेरिकन ब्लॅक वॉलनट' पण होतं, 1500 ला. पानं बघून ते खरं वाटलं मला. पण ते 25-30 मीटर जातं, आमचा पट्टा आठ फुटी, आणि त्याच्या मुळांतून जुग्लोन नावाचं द्रव्य झिरपतं त्याने जवळचे टोमॅटो, वांगी, बटाटे सुकतात. फळाचं कवच इतकं टणक की अडकित्त्याने फुटायचं नाही. लाकूड मात्र फर्निचरवाल्यांचं लाडकं. गिऱ्हाइकाला यातलं एक अक्षर कोणी सांगत नव्हतं, उलट 'शोभेचं झाड मॅडम' एवढंच.

परत घेऊन गेले तेव्हा मालक आधी कुरकुरले, मग पाटी वाचून स्वतःच ओशाळले, पैसे नाही दिले पण बदलून देतो म्हणाले. दोन स्टार त्याचेच, आणि रोपं निरोगी असतात, माती भुसभुशीत, पिशवीतली मुळं गुरफटलेली नव्हती हेही खरं. बदल्यात दोन कोकमाची रोपं आणि एक कढीपत्ता आणला. नर-मादी झाडं वेगळी असतात कोकमात, फळं मादीला, म्हणून यावेळी मादी झाडाची कलमं मागून घेतली, आणि कलमाची फांदी कुठल्या झाडाची तेही विचारलं, मुलगा जरा वैतागलाच.

पाटी परवापर्यंत तिथेच होती.