आधी कुठला थोरो वाचावा: तळ्याकाठचा की किनाऱ्यावरचा?

मुंबईची नोकरी सोडून वेंगुर्ल्याच्या घरी परतलेल्या मित्राने विचारलं, "या पावसात एकच थोरो वाचायचा, तर कुठला?" थोरो म्हणजे एकोणिसाव्या शतकातला अमेरिकन लेखक हेन्री डेव्हिड थोरो. निवड त्याच्या दोन पुस्तकांतच होती: 'वॉल्डन' (१८५४) आणि थोरो गेल्यावर तीन वर्षांनी आलेलं 'केप कॉड' (१८६५).

नाव झालं ते 'वॉल्डन'चं. दुर्गा भागवतांनी ते 'वॉल्डनकाठी विचारविहार' म्हणून मराठीत आणलं, त्यामुळे इंग्रजीचा बाऊ वाटणाऱ्याचीही सोय आहे. अमेरिकेतल्या कॉन्कॉर्ड गावाजवळच्या वॉल्डन तळ्याकाठी थोरोने दहा बाय पंधरा फुटांचं घर बांधलं. खर्च २८ डॉलर साडेबारा सेंट. खिळे, चुना, सगळ्याचा हिशेब दिलाय. बागेतल्या कलमांच्या खर्चाची वही ठेवणाऱ्याला त्यात मजा येईल. पण त्याच पहिल्या प्रकरणात उपदेशही भरपूर आहे आणि ते संपता संपत नाही. जमीन त्याच्या लेखक मित्राची, इमर्सनची, आईचं घर चालत जाण्याजोगं, म्हणून रानात एकटा राहिलो म्हणणाऱ्या थोरोला ढोंगी म्हणणारेही आहेत. मला ते पटत नाही. वाडीत एकटा राहणारा आपला माणूसही तिन्हीसांजेला तिठ्यावर चक्कर मारून येतोच की.

'केप कॉड' हे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या त्याच नावाच्या भूशिरावरच्या भटकंतीचं पुस्तक. ते उघडतं ते थेट फुटलेल्या जहाजावर. १८४९चा ऑक्टोबर, आयर्लंडहून निघालेलं 'सेंट जॉन' त्याच किनाऱ्यावरच्या कोहॅसेट गावाच्या खडकांवर आपटलंय. एकीकडे प्रेतं पेट्यांत भरताहेत, आणि तिथेच काहीजण वादळाने आणून टाकलेलं शेवाळ गाड्यांत भरताहेत. शेवाळात अडकलेल्या कपड्यांच्या चिंध्या तेवढ्या वेगळ्या काढायच्या. उधाणानंतरचा किनारा पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

पुढे जरा हसूही येतं. थोरो वाळूवर विस्तव करून एक मोठा शिंपला भाजतो नि अख्खा खातो. रात्री मुक्कामाला कालवं काढणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे. तो सांगतो, या शिंपल्याचा एक भाग विषारी, काढूनच शिजवायचा, मांजरसुद्धा मरेल म्हणतात. थोरो गप्प. थोड्याच वेळात पोट बोलायला लागतं.

मित्राला मी 'केप कॉड' घ्यायला सांगितलं. घर त्याला बांधायचं नाही, आहे तेच शाकारायचंय. एकांताचंही त्याला कौतुक नाही, घरी तो एकटाच असतो. जागा घेऊन नवं घर बांधायचा बेत असता, तर मात्र आधी 'वॉल्डन'चा हिशेबच हातात दिला असता, पेन्सिलीसकट. थोरोच्या घरचा धंदाही पेन्सिलींचाच होता.